गोड गोळी आणि आपले हृदय



काही वर्षांपूर्वी आम्हांला मधुमेह झाला. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, साखर बंद." आम्ही दुकानातून गोड गोळ्या आणल्या. चहात एक टाकली की काम झाले! साखरच नाही, मग भीती कसली? दोन कपांचे पाच कप झाले. जोडीला 'शुगर-फ्री' बिस्किटे आली. वर्षाने तपासणी केली, तर रक्तातली साखर वाढलेली आणि वजनही वाढलेले! बिस्किटात साखर नव्हती, पण मैदा आणि तूप होतेच की!

ही गोडी येते कुठून? १८७९ सालची गोष्ट. अमेरिकेत फालबर्ग नावाचे रसायनशास्त्रज्ञ हात न धुताच जेवायला बसले. पाव गोड लागला! हाताला जे रसायन लागले होते, तेच सॅकरीन. ते साखरेच्या सुमारे तीनशे पट गोड असते. पुढे अ‍ॅस्पार्टेम, सुक्रालोज अशी आणखी रसायने निघाली.

आता हृदयाचे ऐका. फ्रान्स देशात एक लाखाहून अधिक माणसांच्या खाण्यापिण्याची काही वर्षे नोंद ठेवली. २०२२ साली निष्कर्ष छापला. ही रसायने जास्त खाणाऱ्यांत हृदयाचे आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे आजार थोडे जास्त आढळले.

म्हणजे गोळीनेच आजार झाला का? तसे सिद्ध झालेले नाही. पावसात छत्र्या जास्त दिसतात; म्हणून छत्रीने पाऊस पाडला असे होत नाही. ज्यांचे वजन आधीच जास्त, तेच गोळी जास्त घेत असतील. पण शंका आहे, तिथे जपून वागावे. वजन उतरवण्यासाठी या रसायनांवर विसंबू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली सांगितले. ही शिफारस मधुमेह असलेल्यांसाठी मात्र नव्हती.

म्हणून मधुमेही मंडळींनो, हे ऐकून घाबरू नका. गोळी फेकून पुन्हा साखरेकडे वळू नका. गूळ, काकवी, मध यांनीही रक्तातली साखर वाढते बरं का! गोळी घ्यावी का आणि किती, ते आपल्या डॉक्टरांना विचारा.

मग करायचे काय? गोडाची सवयच कमी करायची. चहात दोन चमचे साखर घालत असाल, तर दीड घाला. पुढच्या महिन्यात एक. पुड्यावर 'शुगर-फ्री' एवढेच वाचून थांबू नका. आत काय काय घातले आहे, तेही वाचा. तो मजकूर बहुधा इंग्रजीत आणि बारीक असतो. शाळेत जाणाऱ्या नातीकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

आम्ही आता चहा बिनसाखरेचा आणि बिनगोळीचाच पितो. पहिले पंधरा दिवस तोंड वाकडे झाले. आमची मंडळी हसत असे. आज कुणी साखरेचा चहा दिला, तर आम्हांला तो पाकासारखा लागतो. जीभ शिकवावी तशी शिकते. साठी उलटल्यावर आमची शिकली, तर तुमची का नाही शिकणार?