सोने, कायदा आणि रुपेरी पडदा

(म्हैसूर येथील सरस्वतीपुरममध्ये दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोन्याच्या शोधावर अमेरिकेत पुष्कळ चित्रपट निघाले. त्यांपैकी 'द स्पॉइलर्स' हा एक मी आजच्या व्याख्यानासाठी निवडला आहे. रेक्स बीच या लेखकाची याच नावाची कादंबरी १९०६ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढील अर्धशतकात तिच्यावर एकदा नव्हे, पाच वेळा चित्रपट निघाला : १९१४, १९२३, १९३०, १९४२ आणि १९५५ साली. आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल तो १९४२ चा. रे एनराइट हे त्याचे दिग्दर्शक, आणि जॉन वेन, रँडॉल्फ स्कॉट व मार्लीन डीट्रिश हे त्यातील प्रमुख नट. अलास्कातील नोम या गावी खाणवाले कष्टाने सोने काढीत असतात. तेथे सरकारी अधिकारी आणि न्यायाधीश येतात, कायद्याचे नाव पुढे करून खाणी बळकावतात, आणि शेवटी नायक व खलनायक यांच्यात खुर्च्या-टेबले मोडून टाकणारी मारामारी होऊन न्यायाचा विजय होतो.

हा चित्रपट चांगला की वाईट, याची चर्चा मला करावयाची नाही. मला विचारावयाचा आहे तो प्रश्न निराळा आहे. खाणीत अन्याय होतो म्हणजे नेमके काय होते? त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम नोम येथील खऱ्या घटनेकडे आणि नंतर आपल्या म्हैसूर संस्थानातील सोन्याच्या खाणींकडे आपण जाऊ.

बीच हा स्वतः सोन्याच्या शोधात नोमला गेला होता, त्यामुळे त्याची कथा निव्वळ कल्पनेतून निघालेली नाही. १८९८ साली नोमजवळच्या ओढ्यात सोने सापडले आणि हजारो माणसे त्या उजाड किनाऱ्याकडे धावली. ज्यांनी प्रथम जमिनीवर हक्क नोंदविले, त्यांत काही जन्माने स्वीडिश व नॉर्वेजियन होते. परक्यांना असा हक्कच नाही, असा वाद काढून दुसऱ्यांनी त्याच जमिनींवर आपलेही हक्क लावले. हे वादग्रस्त हक्क अलेक्झांडर मॅकेंझी या राजकीय पुढाऱ्याने एका कंपनीमार्फत गोळा केले. वॉशिंग्टनमध्ये त्याचे वजन होते. त्याच्या सोयीचा कायदा संमत होऊ शकला नाही. पण त्याच्या सोयीचा न्यायाधीश मात्र नेमला गेला. आर्थर नॉइस हे त्या न्यायाधीशाचे नाव.

१९०० च्या जुलै महिन्यात नॉइस नोमला उतरले, आणि थोड्याच दिवसांत त्यांनी मूळ हक्कदारांना सूचनाही न देता सर्वांत संपन्न खाणींवर मॅकेंझीलाच रिसीव्हर म्हणून नेमले. वाद मिटेपर्यंत मालमत्तेची राखण करणे हे रिसीव्हरचे काम. मॅकेंझीने राखण करण्याऐवजी सोने उपसावयास सुरुवात केली. अपील करू देण्यासही नॉइस यांनी नकार दिला. येथवर चित्रपट आणि इतिहास हातात हात घालून चालतात.

यापुढे मात्र त्यांच्या वाटा फुटतात. चित्रपटात न्याय मुष्टियुद्धाने मिळतो. प्रत्यक्षात खाणवाल्यांचे वकील जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोला गेले आणि तेथील अपील न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम मॉरो यांच्यापुढे कागदपत्रे मांडली. मॉरो यांनी सोने व खाणी परत करण्याचा हुकूम दिला. मॅकेंझीने तो जुमानला नाही, तेव्हा त्याला पकडण्यासाठी अधिकारी पाठविण्यात आले. समुद्र गोठण्यापूर्वी त्यांना नोम गाठावयाचे होते, आणि त्यांनी ते गाठले. १९०१ साली न्यायालयाच्या अवमानाबद्दल मॅकेंझीला एक वर्षाची शिक्षा झाली. पण प्रकृतीच्या कारणावरून राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी काही महिन्यांतच त्याला माफी दिली. पुढच्या वर्षी नॉइस यांना हजार डॉलर दंड झाला आणि त्यांचे पदही गेले. शिक्षा सौम्यच म्हटली पाहिजे. परंतु खाणी मूळ धन्यांना परत मिळाल्या.

ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. नोमच्या खाणवाल्यांपाशी तीन गोष्टी होत्या : जमिनीवरचा नोंदलेला हक्क, वकिलांना देण्यापुरता पैसा, आणि नॉइस यांच्यावर असलेले दुसरे न्यायालय. कायदा मोडला गेला होता, म्हणूनच तो पुन्हा उभा करता आला.

आता कोलारकडे येऊ. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बंगळूरबरोबर हा मुलूखही होता, म्हणजे मराठी वाचकालाही तो अगदी अनोळखी नाही. मायकेल लॅव्हेल या निवृत्त आयरिश सैनिकाने १८७३ साली येथे खाणकामाच्या परवान्यासाठी म्हैसूर सरकारकडे अर्ज केला. पुढे जॉन टेलर अँड सन्स या लंडनच्या पेढीने खाणींची व्यवस्था हाती घेतली आणि १८८० नंतरच्या दशकात चँपियन या नावाने प्रसिद्ध असलेली समृद्ध शीर सापडली. कंपन्या लंडनच्या होत्या. त्यांच्याकडून म्हैसूर सरकारला रॉयल्टी मिळे, आणि संस्थानाच्या तिजोरीत ती मोठी बाब होती. कावेरीवर शिवनसमुद्र येथे विजेचे केंद्र उभारले गेले, तेही या खाणींसाठी. १९०२ साली सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या तारांवरून ती वीज कोलारला पोहोचली. बंगळूरला ती १९०५ साली आणि या म्हैसूर शहराला १९०८ साली मिळाली. आपल्या घरातील दिव्यापूर्वी खाणीतील यंत्र चालू झाले होते.

त्या यंत्राजवळ उभा असलेला माणूस कोण होता? तो बहुधा उत्तर अर्काट भागातून आलेला तमिळ मजूर होता, आणि त्यांतील फार मोठा भाग ज्यांना अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवले होते त्यांचा होता. नोमच्या खाणवाल्यासारखा तो जमिनीचा हक्कदार नव्हता. तो रोजावर खाली उतरत असे आणि वर आल्यावर त्याची अंगझडती होई. १८९७ साली संस्थानाने खाणींसाठी जो कायदा केला, त्यानुसार ज्याच्याजवळ सोने वा सोन्याचा दगड सापडेल आणि ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता येणार नाही, तो गुन्हेगार ठरे. सर्वसाधारण न्यायात गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो. येथे तो मजुरावर होता.

येथे कोणीही कायदा मोडीत नव्हते, आणि मला सांगावयाचे आहे ते हेच. येथे मॅकेंझी नव्हता, लाच घेतलेला न्यायाधीश नव्हता. कायदा रीतसर होता, आणि तो खाणीच्या बाजूने लिहिलेला होता. अशा ठिकाणी अपील कोणाकडे करावयाचे?

१९३० साली या प्रश्नाला कामगारांनी स्वतःच्या रीतीने उत्तर दिले. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी करून त्याच्या बोटांचे ठसे घ्यावयाचे असे व्यवस्थापनाने ठरविले. ठसे चोरांचे घेतात, ही समजूत सर्वत्र होती. झडती सोसणारे, उष्ण काळोखात तासन्‌तास काम करणारे हजारो लोक या एका गोष्टीवर थांबले. हा संप सुमारे तीन आठवडे चालला. त्यांना कायद्याने मान्य झालेली संघटना नव्हती. म्हैसूर संस्थानात कामगार संघटनांना कायद्याचा आधार मिळाला तो १९४० नंतरच्या काही वर्षांत. या संपाची मागणी पैशापुरती नव्हती. आम्हांला जन्मतः गुन्हेगार धरू नका, एवढेच ते म्हणत होते. पुढे १९४६ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे पोलिसांच्या गोळीबारात सहा कामगार मृत्युमुखी पडले.

खाली काय होते, तेही थोडक्यात सांगतो. खाणींची खोली पुढे तीन किलोमीटरहून अधिक झाली. तेथे खडकाचे तापमान साठ अंशांवर जाई, आणि दाबामुळे खडक एकाएकी फुटून माणसे गाडली जात. डोळ्यांना न दिसणारा शत्रू म्हणजे दगडाची धूळ. १९४० ते १९४६ या काळात सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिकांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस आढळला. सोन्याची चोरी होऊ नये म्हणून १८९७ साली कायदा झाला. या धुळीच्या रोगाला भरपाईयोग्य मानणारे नियम १९४० साली आले. या दोन सालांमध्ये त्रेचाळीस वर्षे आहेत.

१९५६ साली या खाणी राज्याने ताब्यात घेतल्या, १९६२ साली त्या केंद्राकडे गेल्या, १९७२ साली भारत गोल्ड माइन्स ही कंपनी झाली, आणि २००१ साली काम थांबले. सव्वाशे वर्षांत सुमारे आठशे टन सोने निघाले, असे सांगतात.

कोलारवरही आता चित्रपट निघाले आहेत. २०१८ च्या कन्नड 'केजीएफ' मध्ये मुंबईत वाढलेला एक नायक खाणीत येऊन गुलामांना मुक्त करतो. २०२४ च्या तमिळ 'तंगलान' मध्ये पा. रंजित यांनी खाणीत गेलेल्या दलित मजुरांनाच कथेच्या मध्यभागी उभे केले. दोन्ही चित्रपट कल्पनेतून उभे राहिलेले आहेत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु पडद्याला एक चेहरा लागतो, एक खलनायक लागतो. १९३० च्या संपात असा एक चेहरा नव्हता आणि ज्याला ठोसा मारून खाली पाडावे असा एक खलनायकही नव्हता. होता तो एक नियम, एक नोंदवही आणि शाईत बुडवावयाचे बोट.

म्हणून 'द स्पॉइलर्स' पाहताना आपण त्यातील मारामारीचा आनंद अवश्य घ्यावा. पण चित्रपट संपल्यावर या राज्याच्या जुन्या कायद्यांचे पुस्तकही एकदा चाळावे, आणि जमल्यास बंगळूरहून एखादे दिवशी कोलारला जाऊन यावे. खाणीतून निघालेल्या दळलेल्या मातीचे करडे डोंगर तेथे अजून उभे आहेत, आणि ज्यांचे बाप-आजे त्या पिंजऱ्यातून खाली उतरत, ती माणसे आज रोज पहाटे कामासाठी बंगळूरच्या गाडीत बसतात.