बाल्यातील आरोग्य आणि पुढील आयुष्य
(वर्धापन-महोत्सवातील व्याख्यान)



श्रीमठाच्या वर्धापन-महोत्सवात कीर्तन, प्रवचन आणि पारायण यांच्या जोडीला आरोग्यविषयक व्याख्यानालाही स्थान द्यावे, ही चालकांची योजना मला औचित्यपूर्ण वाटते. या मठाच्या दारातून भुकेलेला मनुष्य विन्मुख जात नाही. परंतु आज ज्या भुकेविषयी मी बोलणार आहे, ती दारात येऊन उभी राहत नाही व मुखाने काही मागतही नाही. कारण ती मातेच्या उदरातील बालकाची भूक आहे.

मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे उतारवयाचे विकार होत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. पन्नाशीत कोणाला मधुमेह जडला की आपण त्याच्या गोड खाण्याला किंवा बैठ्या व्यवसायाला दोष देऊन मोकळे होतो. तो दोष सर्वस्वी खोटा नव्हे. पण विकाराचे मूळ पुष्कळदा त्याहून फार मागे, बाल्यात आणि बाल्याच्याही पूर्वी, गर्भावस्थेत रुजलेले असते.

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ सालापासून नवजात बालकांचे जन्माचे व वर्षाचे झाल्यावरचे वजन वहीत नोंदवून ठेवण्याची पद्धत होती. त्या वह्या पुढे डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती आल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा पुढील वृत्तांत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जन्मतः आणि वर्षाचे असताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यातच हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक होते. हॉलंडचे उदाहरणही असेच बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये अन्नाचे दुर्भिक्ष झाले. तेव्हा जी बालके गर्भात होती, त्यांची सुमारे पन्नास वर्षांनी तपासणी केली असता रक्तातील साखर आवरण्याची त्यांची शक्ती इतरांहून उणी आढळली.

असे का व्हावे? पोषण अपुरे पडले की गर्भ काटकसर करू लागतो. तो मेंदूचा वाटा आधी राखतो; झीज सोसावी लागते ती स्नायू, यकृत, स्वादुपिंड आणि मूत्रपिंड यांना. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांची संख्या तर बहुतांशी जन्मापूर्वीच कायम होते. मागाहून कितीही तूप-लोणी खाऊ घातले तरी ती वाढत नाही.

हा प्रश्न केवळ परदेशचा आहे, असे मात्र कोणी समजू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. तेथील बालकांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदम्प्टन येथील बालकांचे ३.५ किलो होते. विशेष असे की, आपल्या बालकांत उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची. त्वचेखालील मेद त्या मानाने पुष्कळच टिकून होता. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ज्या मातांमध्ये ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसून आली. याउलट ज्या माता पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत, त्यांची बालके अधिक भरलेली जन्मली.

यापुढील अध्याय दिल्लीच्या अभ्यासात आढळतो. तेथे बालपणापासून वजन-उंचीची नोंद ठेवलेल्या १,४९२ व्यक्तींची त्यांच्या २६ ते ३२ या वयात तपासणी झाली व निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्यात मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती मुले दोन वर्षांपर्यंत कृश होती आणि नंतर मात्र त्यांचे वजन वेगाने वाढत गेले. बाराव्या वर्षी त्यांपैकी कोणीही लठ्ठ म्हणावे असे नव्हते. तेव्हा मूल लठ्ठ दिसत नाही एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. त्याची वाढ कोणत्या गतीने होते, हे पाहिले पाहिजे.

आता आपल्या घरांकडे वळू. घरातील सून सर्वांच्या मागून जेवते आणि भांड्यात उरेल ते खाते, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. दिवस गेलेल्या स्त्रीने एकादशी, चतुर्थी, सोमवार असे सगळे उपवास साबुदाण्यावर काढावेत, हा काहींच्या भक्तीचा आग्रह असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातून गर्भाची बांधणी होत नाही. गर्भिणीने व्रत दुसऱ्याकरवी करवून घ्यावे, अशी मुभा आपल्या धर्मशास्त्रानेही दिली आहे. शास्त्र जेथे सवलत देते, तेथे सासूबाईंनी ती नाकारू नये, एवढीच माझी विनंती.

आपल्यापैकी बहुतेक शाकाहारी आहेत. ब-१२ वनस्पतींपासून मिळत नाही. म्हणून दूध-दही हे गर्भवतीचे आणि वाढत्या मुलामुलींचे रोजचे अन्न असावे आणि उणीव आढळल्यास वैद्याच्या सल्ल्याने औषध घ्यावे. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या मात्र परस्पर बंद करू नयेत. मिश्री व तंबाखू घरातून हद्दपार व्हावी. मुंबईतील १,२१७ स्त्रियांच्या अभ्यासात, तंबाखू खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले, असे २००४ साली प्रसिद्ध झाले आहे. बालकाला पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे. पुढे कृश मूल 'भरावे' म्हणून बिस्किटे व साखरेची पेये देऊ नयेत. उसळी, भाज्या, दूध आणि दिवसाकाठी तासभर धावपळीचा खेळ द्यावा.

याचा अर्थ कमी वजनाने जन्मलेल्या मुलाच्या कपाळी रोग लिहिलेलाच आहे, असा कृपया कोणी घेऊ नये. त्याची जोखीम अधिक असते, एवढेच. आणि यात मातेला अपराधी ठरवणे तर सर्वथा अन्याय होईल. तिच्या ताटात काय पडते, हे बहुधा तिने ठरवलेलेच नसते.

शेवटी एक गोष्ट लक्षात आणून देतो. स्त्रीच्या शरीरातील बीजे ती स्वतः आपल्या आईच्या गर्भात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्या बीजापासून नातवंड व्हायचे, ते काही काळ आजीच्या उदरातही वसलेले असते. म्हणूनच आज घरातील मुलीच्या वाट्याचे दूध मुलाला देणे म्हणजे पुढच्या पिढीच्या वाट्याचेही दूध काढून घेणे होय. मठाच्या पंगतीत प्रसाद वाढताना आपण स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. तीच पंगत आपल्या घरोघरी मांडली जावो, अशी श्रीगुरुचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.