आधी माप, मग छपाई



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी वर्धापनदिनी दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला, म्हणून माझीच एक फजिती सांगते.

मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास असतो. घरी संगणक व प्रिंटर आहे. पण 'तो आला की छापू' हीच आमची रीत. यंदा पीककर्जासाठी सातबारा तातडीने हवा होता. मी धीर करून छापला. कचेरीतून तो परत आला; तळाच्या ओळी कापल्या गेल्या होत्या. दिवसही गेला आणि भाडेही!

दोष यंत्राचा नव्हता. आपला ए-फोर कागद 297 मिलिमीटर लांब. यंत्रात नोंद होती लेटर कागदाची, तो 279. खालचे 18 मिलिमीटर तेवढे गळाले. ब्लाउज बेतताना आधी माप घेतो, मग कात्री चालवितो, तसेच हे.

शेजारच्या मुलीने वाट दाखविली, ती मी वहीत उतरवून घेतली. विंडोज 11 मध्ये 'सेटिंग्ज' उघडावे. 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस', मग 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'. आपल्या प्रिंटरच्या नावावर टिचकी मारून 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस'मध्ये ए-फोर निवडावा व 'ओके' करावे. दुसऱ्या दिवशी उतारा पुरा निघाला, अर्जही मुदतीत गेला.

भगिनींनो, आपण मनमाडकरणींनी पाण्यासाठी पुष्कळ खेपा घातल्या. कागदासाठी तरी फुकट खेप नको. जिला हवे तिने घरी यावे, वही दाखवीन.