साध्या फोनपुढचे बंद दार

बटणांचा साधा फोन वापरणारा एखादा विद्यार्थी शिष्यवृत्तीची यादी पाहावयास बसतो. संकेतस्थळाचा पत्ता एकेक अक्षर दाबून तो लिहितो, पडद्यावरची पट्टी बराच वेळ सरकत राहते आणि अखेरीस ‘पान उघडता येत नाही’ एवढेच उत्तर मिळते. तो फोनला बोल लावतो. दुकानदारही नवा फोन घेण्याचा सल्ला देऊन मोकळा होतो. वस्तुतः फोन पुष्कळदा धडधाकट असतो.

पहिली अडचण पानांच्या वजनाची आहे. हल्लीच्या सर्वसाधारण पानासमवेत चित्रे, जाहिराती व स्क्रिप्टे मिळून दोन मेगाबाइटांच्या आसपास ऐवज येतो. जुन्या जीपीआरएस जोडणीवर सेकंदाला चाळीस किलोबिट मिळाले, तर तो उतरावयास सुमारे सात मिनिटे लागतील. आणि त्याआधीच फोनची तुटपुंजी स्मृती हात टेकते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये चित्रे बंद केली, तर हा भार पुष्कळ उतरतो.

दुसरी अडचण कुलपाची. संकेतस्थळे आता बहुतेक सुरक्षित जोडणीवरच बोलतात. त्या जोडणीच्या जुन्या पद्धती प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये टाकून दिल्या आणि अनेक सर्व्हरांनीही त्यांना दार बंद केले. शिवाय फोनमध्ये साठविलेल्या ओळखपत्रांनाही मुदत असते. लाखो संकेतस्थळांना आधार देणारे असे एक मूळ ओळखपत्र ३० सप्टेंबर २०२१ रोजी कालबाह्य झाले, तेव्हा अनेक जुनी उपकरणे एका दिवसात परकी ठरली. येथे एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट अवश्य तपासावी. बॅटरी काढून पुन्हा बसविली की काही फोनांतील दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. मग आजचे ओळखपत्र त्या फोनला ‘अद्याप सुरूच न झालेले’ दिसते व तो ते नाकारतो. दिनांक नीट लावताच पान उघडते. यासाठी नवा फोन कशाला?

या दोन्ही अडचणींवर नॉर्वेतील ऑपेरा कंपनीने काढलेली तोड मोठी मार्मिक होती. २००५ मध्ये तेथे प्रयोगादाखल आणि जानेवारी २००६ पासून जगभर मिळू लागलेला ‘ऑपेरा मिनी’ हा ब्राउझर पानाची जुळणी फोनवर करीतच नाही. मागणी कंपनीच्या सर्व्हरकडे जाते. तो पान मागवितो, मांडतो, चित्रे बारीक करतो आणि आटोपशीर गाठोडे फोनकडे धाडतो. स्वयंपाक अन्यत्र, ताट तेवढे घरी! ज्या फोनांत देवनागरी अक्षरेच नव्हती, त्यांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन उमटत. तेथे अक्षरांची चित्रे करून पाठविण्याची सोयही या ब्राउझरच्या एका आडबाजूच्या सेटिंगमध्ये होती. खर्च थोडा वाढे, परंतु मराठी वाचता येई.

मात्र ही सोय फुकट नाही. गाठोडे बांधणाऱ्याला आतला ऐवज दिसतो. सुरक्षित जोडणी मधल्या सर्व्हरपाशी उघडली जाते आणि तेथून पुढे नव्याने बंद होते. बातमी वाचण्यास हरकत नाही. बँकेचा पासवर्ड या वाटेने धाडू नये, हेच बरे.

राहता राहिला पान लिहिणारा, आणि खरा उपाय त्याच्याच हाती आहे. शिष्यवृत्तीची यादी म्हणजे अखेर नावे आणि आकडे. तिच्याभोवती सरकती चित्रे कोणी मागितली होती? देवनागरीतील एका चिन्हाला युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे हजार चिन्हांची साधी यादी तीन हजार बाइटांत मावते. त्याच जीपीआरएसवर, एकदा संपर्क जुळला की, ती एका सेकंदाच्या आत उतरते.