पेटी आपली, पण फुलं कुणाची?

(उरण तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. बोलली तसंच, थोडं आवरून देत आहोत.)

जिंदाबाद!



मला आज मधमाशी पाळण्यावर बोलायला सांगितलंय. मी बारावी शिकलेली पोर. तुमच्यासमोर माशीवर बोलायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं झालं. मोहोळ कुठं लागतं, कधी भरतं, हे कातकऱ्याला आणि ठाकराला कुणी सांगायला नको. पण पेटीतली माशी ही निराळी गोष्ट आहे. आम्ही काही पोरं-पोरी दोन वर्षं मधपाळांच्या मंडळात जातो. तिथं काय शिकलो ते सांगते, आणि त्याचा आपल्या दाव्यांशी काय संबंध आहे तेही सांगते.

पहिली गोष्ट. सगळी माशी पेटीत राहत नाही. आग्या उंच झाडाला, कड्याला उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. तिला पेटीत कोंडता येत नाही. फुलोरी झुडपात हाताएवढं पोळं करते, तीही उघड्यावरच राहणारी. पेटीत राहते ती सातेरी. ती झाडाच्या ढोलीत, दगडाच्या कपारीत, वारुळात, अंधारात एकाशेजारी एक पोळी लावते. पेटी म्हणजे तिच्यासाठी केलेली लाकडी ढोली, एवढंच. फरक इतकाच की तिच्यात चौकटी असतात आणि त्या उचलून आत बघता येतं.

आता सातेरी पेटीत आणायची कशी? ढोली सापडली की संध्याकाळच्या वेळी थोडा धूर द्यायचा. पिल्लांची पोळी अलगद कापायची, चौकटीला केळीच्या सोपटानं बांधायची. राणी पेटीत आली की बाकीच्या माश्या तिच्यामागं येतात. राणी बाहेर राहिली तर सगळी मेहनत वाया. ढोली शोधायला आपली जुनी माणसं लागतात, चौकट बांधायला शिकलेली पोरं लागतात. एकट्याचं हे काम नाही.

मंडळात फळा-खडू नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी पेटीपाशी बसायचं. एकानं चौकट उचलायची, बाकीच्यांनी बघायचं. राणी अंडी घालते का? मध किती? मेणकिडा लागला का? मग वहीत लिहायचं. ज्याला लिहिता येत नाही तो सांगतो, दुसरा लिहितो. मध काढायचं यंत्र सगळ्यांत मिळून एकच आहे, ते वाडी-वाडी फिरतं.

मध काढायचीही रीत आहे. खालच्या मजल्यावर पिल्लं असतात, तिथल्या मधाला हात लावायचा नाही, तो माशीचा पावसाळ्याचा दाणा आहे. वरच्या मजल्यावरची चौकट घ्यायची, तीही बहुतेक घरं मेणानं बंद झाल्यावर. कच्चा मध काढला तर तो आंबतो. चौकट यंत्रात घालून फिरवली की मध बाहेर येतो, पोळं तसंच राहतं, माशी ते पुन्हा भरते. पेटत्या चुडीनं मोहोळ जाळलं तर मध एकदाच मिळतो, माशी आणि पिल्लं मरतात. आपले जाणते म्हातारे आग्याचंही मधाचं टोक कापून पिल्लांचा भाग झाडावर ठेवतात. मंडळात शिकलो ते याच रीतीचं आहे.

आपल्याकडं खरी कसोटी पावसात. चार महिने फुलं कमी, माशीला बाहेर पडता येत नाही. उपाशी राहिली तर सातेरी पेटी सोडून निघून जाते. म्हणून साखरेचा पाक द्यायचा, तोही संध्याकाळी, नाहीतर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत. रिकामी जुनी पोळी काढून टाकायची, मेणकिडा तिथंच वाढतो.

आणि रोग. 1991-92 च्या सुमाराला केरळात सातेरीच्या पिल्लांना सॅकब्रूड नावाचा रोग आला आणि बहुतेक पेट्या रिकाम्या झाल्या. एकाच्या पेटीतला रोग शेजाऱ्याच्या पेटीत जातो. म्हणून लपवायचं नाही, मंडळाला सांगायचं.

सरकारी मदतही आहे. महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिकडं 1946 पासून हे काम चालतं. 2022 मध्ये तिथलं मांघर गाव ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. मंडळाच्या योजनेत शिक्षण मिळतं आणि पेट्यांना निम्मं अनुदान मिळतं. ते जरूर घेऊ. पण फोटो काढून पेट्या वाटल्या आणि माणसं निघून गेली, तर पहिल्याच पावसात पेटीत झुरळं राहतात. पेटीच्या आधी मंडळ पाहिजे.

एका चांगल्या पेटीतून, फुलोरा असला तर, वर्षाला साधारण 5 ते 8 किलो मध मिळतो. दोन-चार पेट्यांवर घर चालत नाही. वीटभट्टीवर जायचं लगेच सुटेल असं मी सांगणार नाही. पण उचल घ्यायची वेळ येते तेव्हा घरात चार पैसे असले, तर मुकादमासमोर मान ताठ राहते.

आता मुद्द्याचं. एका वाडीवर एक साहेब आले होते. म्हणाले, “दळीच्या दाव्याचं काय घेऊन बसलात? तुम्हाला मधाच्या पेट्या देतो, धंदा करा.” काही जणांना पटलंही. म्हणून हा हिशोब नीट ऐका.

पेटी ठेवायला चार फूट जागा पुरते. पण सातेरी चरायला एक किलोमीटर, कधी त्याच्याही पुढं जाते. पेटीच्या भोवती एक किलोमीटरचं रिंगण काढा. ते होतं साडेसातशे एकरांच्या वर! म्हणजे चार फुटांच्या पेटीला साडेसातशे एकरांचं रान लागतं. जांभूळ, हिरडा, ऐन, करंज, सावर, पांगारा, खैर, सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी, आपल्या परसातली काकडी, कारली. हे आहे तर मध आहे. डोंगर फोडून भरावाला नेला, रानावर गोदाम उभं राहिलं, तर माशीनं काय पत्र्यावर चरायचं? पेटी देऊन जमीन मागणारा माणूस आपल्याला गाय देतो आणि गायरान काढून घेतो.

म्हणून पेटी आणि दावा एकाच हातात धरायचे. आपला रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळं पेसा कायदा इथं लागत नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा लागतो. त्यात गौण वनोपजाच्या यादीत मध आणि मेण ही नावं लिहिलेली आहेत. कलम 3(1)(ग) प्रमाणं ते गोळा करायचा, वापरायचा, विकायचा आणि त्यावर मालकीचा हक्क आपला आहे. आणि सामूहिक वनहक्कात ते रान राखायचा हक्कही आहे. मध घेऊन येणाऱ्या बाईला वाटेत कुणी अडवलं तर तिनं घाबरायचं नाही. पण हक्क कागदावर यायचा तर दावा भरला पाहिजे, आणि दाव्याला पुरावा लागतो. जुनी मोहोळाची झाडं कुठं आहेत, कुठल्या कड्यावरून आपले आजे मध काढायचे, हे जाणत्या माणसांच्या जबाबात येऊ द्या. नकाशावर त्या जागा दाखवा. आपली मधाची वाट हीच आपल्या वहिवाटीची खूण आहे.

हे रान आपल्याला कुणी दान दिलेलं नाही. 25 सप्टेंबर 1930 ला इथंच, चिरनेरच्या आक्कादेवीच्या डोंगरावर, जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या. त्या हुतात्म्यांत नाग्या महादू कातकरी होते. दरवर्षी स्मारकाला हार घालतात. पण त्याच डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्यांच्या नावावर घराखालची जागा तरी आहे का, हे विचारायला कुणी येत नाही. ते आपणच विचारायचं.

आता तीन कामं ठरवून उठू. एक, प्रत्येक वाडीतून दोन माणसं मंडळात यायची, त्यात एक बाई पाहिजेच. दोन, पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक वाडीनं आपल्या मोहोळाच्या झाडांची आणि कड्यांची यादी म्हाताऱ्यांना विचारून करायची. तीन, ज्या वाडीचा सामूहिक दावा भरलेला नाही, तिनं वनहक्क समितीची बैठक लावायची आणि ती यादी दाव्याला जोडायची.

मोहोळात राणी एक असते, पण मोहोळ तिच्या एकटीवर चालत नाही. हजारो कामकरी माश्या आहेत म्हणून ते चालतं. आणि त्यांच्या घराला कुणी हात घातला तर त्या कशा उठतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

जिंदाबाद!