या शहराकडे काय मागावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवात मागे वळून पाहावे, हा शिरस्ता आहे. आधीच्या वक्त्यांनी तो उत्तम रीतीने पाळला. आम्हांस मात्र थोडे पुढचे बोलावयाचे आहे, आणि विषय काहीसा रुक्ष आहे, तो म्हणजे शहरातील रुळांचा. मंडळाच्या व्यासपीठावर रूळ कोठून आले, असे आपणांस वाटेल. म्हणून आरंभ घरातल्याच गोष्टीने करतो.

गेल्या कोजागरीला आपल्या संस्थापक सभासदांपैकी एक काकू आल्या नाहीत. मसाल्याच्या दुधाचे पहिले पातेले ज्यांच्या घरून आले, त्या काकू! आम्ही दूरध्वनी केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मुलगा कामावर जाता जाता सोडील रे, पण रात्री परत कशी येऊ? ई-रिक्षावाले इकडे यायला कबूल होत नाहीत." त्या राहतात गोमतीनगरच्या पलीकडच्या नव्या वस्तीत. एकेकाळी आपली बिऱ्हाडे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. शहर वाढले, आपण पांगलो. मंडळाची उपस्थिती रोडावली, तिचा दोष आपण नव्या पिढीच्या अनास्थेला देतो. त्यात तथ्य असेलही. परंतु निम्मा दोष अंतराचा आहे, हे आम्ही नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो.

लखनौला मेट्रो नाही काय? आहे, आणि चांगली आहे. ५ सप्टेंबर २०१७ रोजी तिचे उद्घाटन झाले, तेव्हा ती ट्रान्सपोर्टनगर ते चारबाग एवढीच, साडेआठ किलोमीटर होती. मार्च २०१९ मध्ये ती विमानतळापासून मुन्शीपुलियापर्यंत, सुमारे २३ किलोमीटर धावू लागली. स्थानके २१ झाली. त्याच आठवड्यात नागपुरातही मेट्रोचे उद्घाटन झाले, हा योग आपल्यातील वैदर्भीय मंडळी अजून कौतुकाने सांगतात. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चारबाग ते वसंतकुंज हा दुसरा मार्ग मंजूर केला. त्याची लांबी ११ किलोमीटरांहून किंचित अधिक, स्थानके १२, त्यांपैकी ७ भुयारी, आणि खर्च ५,८०१ कोटी रुपये. हा मार्ग अमीनाबाद, मेडिकल चौराहा, चौक या जुन्या भागांतून जावयाचा आहे. जेथे दोन हातगाड्या समोरासमोर आल्या की वाट अडते, तेथे भुयाराखेरीज गत्यंतर नाही. या निर्णयाचे आपण स्वागतच केले पाहिजे.

परंतु हिशेब करून पाहा. किलोमीटरमागे ५०० कोटींहून अधिक रुपये! एवढा खर्च प्रत्येक वस्तीसाठी शासनाला झेपणार नाही. गोमतीनगरचा मोठा विस्तार आणि रायबरेली मार्गावरील संजय गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा परिसर आजच्या मार्गावर नाहीत, आणि मंजूर झालेल्या दुसऱ्या मार्गावरही नाहीत. त्या संस्थेच्या दारी आपल्यापैकी किती जणांना जावे लागते, हे काय सांगावे? या ठिकाणांसाठी आम्हांस हलकी रेल्वे सुचवावयाची आहे.

हलकी रेल्वे म्हणजे जुन्या ट्रामची लेक. दोन-तीन डब्यांची, विजेवर चालणारी गाडी. धावते रस्त्याच्याच पातळीवर, पण स्वतःच्या राखीव पट्ट्यातून. फलाट पाऊलभर उंच. गुडघे दुखणाऱ्याला जिना चढावा लागत नाही. प्रवासी वाहण्याची तिची शक्ती मेट्रोहून कमी व बसहून अधिक, आणि बांधणीचा खर्चही त्याच क्रमाने. रस्ता रुंद असेल तेथेच ती शोभते. गल्लीबोळांत तिचे काम नाही.

ट्राम आपल्याला परकी नाही. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली; ३१ मार्च १९६४ रोजी ती बंद झाली. येथून जवळच्या कानपुरातही १९०७ ते १९३३ या काळात ट्राम होती. कलकत्त्याने ती टिकवली, परंतु बऱ्याच रस्त्यांवर मोटारींच्या गर्दीतच तिला धावू दिले. गर्दीत ती रेंगाळली, आणि रेंगाळते म्हणून बोल तिलाच लागला. २०२४ मध्ये पश्चिम बंगाल शासनाने वारसा म्हणून एक छोटा मार्ग ठेवून बाकी ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. तेथील नागरिक स्वस्थ बसले नाहीत. ते एकत्र आले, न्यायालयात गेले. या उदाहरणातून आपण दोन धडे घ्यावेत. राखीव पट्टा नसेल तर रूळ मागूच नयेत. आणि नागरिक बोलले नाहीत, तर निर्णय त्यांच्यावाचून होतात.

आपली मागणी हवेतली नाही. २०१७ च्या केंद्रीय मेट्रो धोरणात म्हटले आहे की, कोणत्याही शहरात मेट्रो ठरविण्यापूर्वी जलद बस, ट्राम, हलकी रेल्वे या पर्यायांचाही तुलनेने विचार झाला पाहिजे. तसेच स्थानकाच्या दोन्ही बाजूंस ५ किलोमीटरांपर्यंत पूरक वाहनांची सोय करण्याची हमी राज्याने दिली पाहिजे. आपणांस केवळ या शब्दांची आठवण करून द्यावयाची आहे.

आता मुख्य प्रश्न: हे आपण का करावे? आपण तर बाहेरून आलेले! बंधुभगिनींनो, पन्नास वर्षे झाली तरी आपले पाहुणेपण संपलेले नाही. पुष्पक एक्स्प्रेसने चारबागेत उतरलो, नोकरी केली, घरे बांधली; नातवंडे घरात मराठी आणि अंगणात अवधी बोलू लागली. तरी या शहराकडे आपण मागितले काय? गणपतीसाठी दहा दिवसांचे मैदान! भातखंडे गुरुजींचे नाव आपण अभिमानाने घेतो. १९२६ साली त्यांनी येथे संगीत महाविद्यालय उभे केले, ते इथल्या बली कुटुंबासारख्या रसिकांच्या साहाय्याने, आणि ते कोणा मराठी मुलांपुरते नव्हते. शहरासाठी मागणारा पाहुणा राहत नाही, तो घरचा होतो.

म्हणून एक साधे काम सुचवतो. प्रत्येक कुटुंबाने एक आठवडा वही ठेवावी: कोण कोठून कोठे गेले, कशाने, किती वेळ, किती पैसे, आणि वाहनाअभावी जाणे कोठे राहिले, हेही. शेवटचा रकाना विसरू नये. न झालेला प्रवास कोणत्याही गणतीत येत नाही. काकूंची कोजागरी कोठेही नोंदलेली नाही. शेजारच्या अवधी, बंगाली, पंजाबी कुटुंबांनाही या कामात घ्यावे. या वह्यांच्या आधारे महानगरपालिका, विकास प्राधिकरण आणि उत्तर प्रदेश मेट्रो रेल कॉर्पोरेशन यांना एकच निवेदन द्यावे, हिंदीत, सर्वांच्या सह्यांनिशी.

रूळ उद्या पडणार नाहीत. कदाचित आमच्या हयातीतही पडणार नाहीत. तोवर पुढच्या कोजागरीला काकूंना आणावयास व पोहोचवावयास आपल्यापैकी कोणाची गाडी जाणार, ते आज या सभेतच ठरवावे आणि मग निवेदनाच्या कामास लागावे, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.