मल्लाचे आयुष्य आणि आपले कर्तव्य

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी आम्ही एका मल्लाविषयी बोलणार, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु हा मल्ल आपल्या बीड जिल्ह्याचा आहे, आणि त्याच्या चरित्राने आम्हांस आमच्या एका जुन्या चुकीची आठवण करून दिली आहे.

पाटोद्याचे श्री. राहुल आवारे यांचे नाव आपण ऐकलेच असेल. वडील बाळासाहेब स्वतः कुस्तीगीर; त्यांनीच मुलास मातीत उतरविले. पुढे पुण्यास हरिश्चंद्र बिराजदार यांनी त्यांस घडविले. २०११ मध्ये गुरू निवर्तले, तेव्हा काका पवार यांनी तो भार उचलला.

२००८ मध्ये पुण्यात झालेल्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत राहुल यांस सुवर्णपदक मिळाले. मोठ्यांच्या राष्ट्रकुल स्पर्धेतील सुवर्णपदक मात्र १२ एप्रिल २०१८ रोजी, ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे, ५७ किलो गटात हाती आले. मधली १० वर्षे कशी गेली असतील? २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली नाही. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, ते ६१ किलो गटात. आणि तो गट तर ऑलिंपिकमध्ये नाही! तरीही या मल्लाने आखाडा सोडला नाही. २०२० मध्ये त्यांस अर्जुन पुरस्कार लाभला. शासनाने पोलीस उपअधीक्षकाचे पदही दिले.

बंधूंनो, मल्लाचा उमेदीचा काळ अवघा दहा-पंधरा वर्षांचा. दूध, तूप, बदाम यांचा खुराक घरच्यांस पेलवत नाही. जत्रेतील इनाम ते किती पुरणार? एक गुडघा दुखावला की सारे संपले. १९५२ मध्ये हेलसिंकीस कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांसही प्रवासखर्चासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला होता.

आता आमची चूक सांगतो. आमच्या वर्गात ऊसतोड कुटुंबातील एक मुलगा होता. पहाटे तालीम करून तो शाळेत उशिरा येई व बाकावर डुलक्या घेई. एके दिवशी सर्वांसमक्ष आम्ही त्यास म्हणालो, "तालीम किंवा शाळा, एक काय ते ठरव." त्याने तालीम निवडली. दोन वर्षांनी पाय मोडला, तालीमही सुटली. मागे शाळेचा दाखला नव्हता, पुढे आखाडा नव्हता. हाती कोयता तेवढा आला. गेल्या वर्षी तो बाजारात भेटला. वाकून आमच्या पाया पडला. आम्हांस मात्र मान वर करवेना.

त्या मुलास निवड करावयास लावणे हीच आमची चूक. त्याला उशिरा येण्याची मुभा आणि संध्याकाळी तासभर शिकवणी दिली असती, तर आमचे काय गेले असते?

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, आपल्या शिष्यवृत्तीपैकी एक दरवर्षी तालमीत घाम गाळणाऱ्या मुलास अथवा मुलीस द्यावी. अट एकच : शाळा सोडावयाची नाही. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. हे दान नव्हे, जुने देणे आहे.